सोलापूरच्या काळ्या रानासाठी विंच आणि पुढचा बंपर: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

सोलापूर जिल्ह्यात गाडी अडकते ती दगडात कमी आणि मातीत जास्त. बार्शीकडच्या बालाघाटाच्या टेकड्या आणि सांगोला-माळशिरस बाजूचा मुरमाड माळ सोडला, तर आपला सगळा खेळ काळ्या रानाचा. जूनच्या पहिल्या पावसात ही माती वरून ओली आणि आतून कोरडी असते. चाक घसरतं, पण गाडी निघते. खरा हिसका सप्टेंबर-ऑक्टोबरात बसतो. परतीचा पाऊस होऊन गेला की मंगळवेढा किंवा मोहोळ भागातल्या पाणंदीवर टायरची नक्षी थोड्याच अंतरात मातीने भरून गुळगुळीत होते. मग फोर बाय फोर असो वा नसो, चारही चाकं जागच्या जागी फिरत खाली जातात. सीनाकाठी आणि भीमाकाठी पूर ओसरल्यावर उरणारा गाळ तर याहून वाईट.

हे आधी सांगायचं कारण असं की व्हिडिओंत दिसणारं बरंचसं सामान खडकाळ डोंगर, घनदाट जंगल नाहीतर वाळवंट डोळ्यांपुढे ठेवून निवडलेलं असतं. तिथे झाडं हाताशी असतात आणि पुढून दगड लागायची भीती असते. आपल्याकडे दगड नाही आणि झाडही नाही. त्यामुळे माझं मत असं, की मध्यम ताकदीची विंच (म्हणजे दोर ड्रमवर गुंडाळत रुतलेली गाडी ओढून काढणारं यंत्र), एक चांगली कप्पी, जाड तांब्याची वायर आणि मूळ बंपरमागे बसणारी दणकट प्लेट हा संच सोलापूरकराच्या जास्त कामाचा आहे. बारा हजार पौंडांची विंच आणि रणगाड्यासारखा बंपर दिसायला भारी, पण त्यातले निम्मे पैसे नुसत्या दिसण्यावर जातात.

पायरी १: विंच हवीच का, ते ठरवा

गाडी स्वतःच्या किंवा भावकीच्या रानापलीकडे जात नसेल, तर विंचचा विचार सोडा. एका फोनवर ट्रॅक्टर येतो. त्यासाठी लागतं ते एवढंच: गाडीच्या चॅसीला पुढे-मागे पक्के ओढबिंदू, नऊ मीटरचा चांगला पट्टा, दोन शिक्क्याचे शॅकल (पट्टा-दोर जोडायची पिनवाली लोखंडी कडी) आणि एक खोरं. पैशाच्या मानाने याहून मोठा फायदा कुठल्याच सामानात नाही.

विंच लागते ती एकट्याने, अवेळी आणि लांब जाणाऱ्याला. जनावरांचे डॉक्टर, पवनचक्की किंवा सोलरच्या कामावर फिरणारे, ऊसतोडीच्या हंगामात फडाफडांत जाणारे, उजनीच्या पाणलोटाकडे जाणारे हौशी. ज्याची गाडी इतरांच्या गाड्या काढायला वारंवार जाते त्यालाही.

हाताने ओढायची तारेची विंच हा मधला मार्ग आहे. टिरफॉर या नावाने ती ओळखली जाते. १.६ टनी असेल तर कप्पी लावून साधारण दुप्पट ओढ मिळते. तिला बॅटरी लागत नाही आणि कायद्याची भानगड नाही. गाडीच्या मागे जोडली तर मागेही ओढते, आणि रुतलेली गाडी बहुतेक वेळा आलेल्या वाटेनेच परत काढावी लागते, तेव्हा हे मोलाचं ठरतं. घाम मात्र भरपूर निघतो. वर्षातून एकदाच फसणाऱ्याने आधी हीच घ्यावी.

आणखी एक चाळणी. गाडीला स्वतंत्र चॅसी हवी. थार, बोलेरो, स्कॉर्पिओ, गुरखा, जिम्नी, जिप्सी यांना ती आहे. ज्या शहरी एसयूव्हीची बॉडी हीच चॅसी असते, तिच्यावर घरगुती जुगाड करून विंच बसवू नका. पुढचा सांगाडा वाकला की दुरुस्ती विंचच्या किमतीबाहेर जाते.

जाता जाता: नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या माळरानावर गाडी घालायला जाऊ नका. सपाट, मोकळं, कुणी बघत नाही असं वाटतं, पण ते संरक्षित क्षेत्र आहे आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचं घर आहे.

पायरी २: ताकदीचा हिशेब करा

विंचवर लिहिलेला आकडा पौंडांत असतो. एक पौंड म्हणजे ०.४५३६ किलो. ८,००० पौंड म्हणजे साधारण ३,६३० किलो, ९,५०० म्हणजे ४,३१०, आणि १२,००० म्हणजे ५,४४० किलो.

रूढ नियम असा, की सामान-माणसांसकट गाडीचं जे कमाल वजन असेल, त्याच्या दीडपट ताकदीची विंच घ्यावी. हे वजन आरसीवर किंवा गाडीवरच्या कंपनीच्या पाटीवर सापडतं. रिकाम्या गाडीचं वजन धरू नका. जिम्नी भरून दीड टनाच्या थोडी वर जाते, म्हणजे तिला ६,००० पौंडांची विंचही पुरते. थारसारखी गाडी भरून सव्वादोन-अडीच टनांच्या आसपास, म्हणजे ८,००० ते ९,५०० पौंड. बोलेरो कॅम्परमागे खतांची पोती असतील, तर ती पोती हिशेबात धरा.

आता चिखलाचं गणित. सैन्यातल्या गाड्या काढणारे वापरतात तो ढोबळ अंदाज असा: चाकं रुतली असतील तर ओढ गाडीच्या वजनाइतकी लागते, चिखल मडगार्डपर्यंत आला असेल तर दुप्पट, आणि त्याहून वर गेला तर तिप्पट. २,३०० किलोची गाडी मडगार्डपर्यंत गेली म्हणजे ४,६०० किलोची ओढ. ९,५०० पौंडांची विंच इथे कमी पडते.

मग १२,००० ची घ्यावी का? इथेच बहुतेक जण फसतात. विंचवर लिहिलेली ताकद ड्रमवर दोराचा एकच थर उरलेला असतानाची असते. दोराचे थर जसे चढतात, तसा ड्रमचा व्यास वाढतो आणि ओढ कमी होत जाते. शेवटच्या, भरलेल्या थरावर साधारण एक तृतीयांश ताकद गेलेली असते. म्हणजे ट्रॅक्टर समोर दहा मीटरवर उभा करून तुम्ही १२,००० ची विंच चालवलीत, तर हातात पडतात आठेक हजार.

कप्पी हे यावरचं स्वस्त औषध. दोर कप्पीतून फिरवून हूक परत स्वतःच्या गाडीला लावला की ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा. शिवाय दोर दुप्पट बाहेर येतो, म्हणजे ड्रमवरचे थर कमी होऊन मूळ ताकदही वाढते. ९,५०० ची विंच आणि कप्पी मिळून वरचं ४,६०० किलोचं काम आरामात करतात, मोटर कमी तापते आणि बॅटरीही कमी बसते. म्हणून थार-बोलेरोच्या वजनापर्यंत ९,५०० आणि कप्पी, त्याच्या वरच्या जड गाड्यांना १२,००० आणि कप्पी. कप्पीशिवाय कुठलीही विंच अर्धी आहे असंच समजा.

आणि विंचला हात लावण्याआधी खोरं घ्या. चाकापुढची माती कापून उतार करा, डिफरन्शियलखालचा ढेकूळ मोकळा करा, चाकाच्या मागे पाणी धरलं असेल तर चर काढून वाट द्या. काळी माती ओली झाली की गाडीचं पोट धरून ठेवते. ती पकड सुटली की ओढीचा हिशेब एकदम उतरतो.

पायरी ३: मोटर, गिअर आणि पाणी

मोटर दोन प्रकारच्या येतात. कायम चुंबकाची मोटर करंट कमी खाते, स्वस्त असते, पण लवकर तापते. सिरीज वाउंड मोटर करंट जास्त घेते आणि जड ओढ जास्त वेळ सोसते. चिखलातली ओढ संथ आणि लांब असते, म्हणून सिरीज वाउंडच घ्या. दुकानदाराला हा फरक सांगता येत नसेल तर दुकान बदला.

गिअर बहुतेक सगळ्या परवडणाऱ्या विंचमध्ये प्लॅनेटरी असतो. लहान, हलका, बरा वेगवान. यात ब्रेक बहुधा ड्रमच्या आत असतो, त्यामुळे ओझं धरून दोर सोडत राहिलात तर ड्रम तापतो. आपल्याकडे उतारावरून गाडी विंचने खाली सोडायचा प्रसंग क्वचितच येतो, म्हणून मी याला फार महत्त्व देत नाही.

पाण्याचं मात्र बघा. आयपी ६७ किंवा आयपी ६८ असा धूळ-पाणी आत न शिरण्याचा शिक्का शोधा, आणि तो मोटरपुरता आहे की कंट्रोल बॉक्सलाही आहे ते विचारा. स्वस्त विंचमध्ये आधी मरतो तो कंट्रोल बॉक्समधला सोलेनॉइड, म्हणजे मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच. ओढ्यातून गाडी गेली, आत ओल राहिली, कॉन्टॅक्ट चिकटले की बटण सोडल्यावरही विंच ओढतच राहते. हा प्रकार जीवघेणा आहे. बॉक्स बोनेटखाली उंचावर लावता येईल असं मॉडेल निवडा. बिनतारी रिमोट सोयीचा, पण सोबत वायरचा रिमोट असलाच पाहिजे.

वॉर्न ही अमेरिकी कंपनी या धंद्यातली सर्वांत जुन्यांपैकी, तैवानची कमअप आणि चीनची रुनवा हीसुद्धा वापरली जाणारी नावं. पण स्वस्त गटातल्या कितीतरी विंच एकाच प्रकारच्या कारखान्यांतून वेगवेगळी नावं लावून येतात. तिथे नावापेक्षा एकच प्रश्न कामाचा: सोलेनॉइड, रिमोट आणि क्लचचा (ड्रम मोकळा सोडायचा) खटका सुटा मिळतो का, आणि कोण देतो? पुण्यात किंवा हैदराबादेत सुटे भाग मिळत असतील तर ती विंच आपल्यासाठी चांगली. दोन्ही शहरं एका रात्रीच्या बसवर आहेत.

पायरी ४: तारेचा दोर की सिंथेटिक

तारेचा दोर स्वस्त असतो, घासला तरी टिकतो. पण जड असतो, हाताला काटे लागतात, आणि ताणात तुटला तर चाबकासारखा उलटतो. सिंथेटिक दोर हलका. तुटला तरी त्यात साठलेला जोर कमी असतो. त्याचे शत्रू तीन: ऊन, कडा आणि माती. पहिल्या दोहोंवर उपाय सोपा आहे. काळ्या मातीचे बारीक कण दोराच्या विणीत शिरून आतून धागे कापतात, म्हणून प्रत्येक वापरानंतर दोर पूर्ण उलगडून बादलीत धुवावा आणि सावलीत वाळवावा लागतो. हे करणार नसाल तर तारच घ्या.

जे धुतील त्यांनी सिंथेटिक घ्यावा, कारण गाडीच्या नाकावरचं आठ-दहा किलो वजन वाचतं. सिंथेटिकला गुळगुळीत ॲल्युमिनियमची फेअरलीड (दोर ज्यातून ड्रमकडे जातो ती पुढची वाट) लागते, तारेला रोलरची. ज्या रोलरवर आधी तार चाललेली आहे त्यावर सिंथेटिक चढवू नका. तारेने पाडलेल्या चऱ्या त्याला एका खेपेत फाडतात.

ड्रमवर तारेचे किमान पाच वेढे, सिंथेटिकचे आठ-दहा वेढे कायम राहिले पाहिजेत. दोराचं टोक ड्रमला धरणारा स्क्रू ओझं पेलण्यासाठी नसतो. दोर पेलतो तो या वेढ्यांच्या घर्षणावर.

पायरी ५: बंपरआधी कायदा

पुष्कळ जण बंपर बनवून घेतात आणि मग विचारतात, चालतो ना? उत्तर आधी ऐका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने नोंदवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ७ डिसेंबर २०१७ रोजी राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बार (बंपरपुढचे लोखंडी दांडे) लावणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

यामागे कारण आहे. पुढचा मूळ बंपर आणि त्यामागचा भाग चेपण्यासाठीच बनवलेला असतो. एअरबॅगचे सेन्सर त्या चेपण्याच्या वेगावर काम करतात. पुढे ताठ लोखंड आलं की एअरबॅग उशिरा उघडू शकते किंवा नको तेव्हा उघडू शकते. आणि आपल्या रस्त्यांवर सायकलवाला, म्हैस, दुचाकीवरचं कुटुंब यांना लोखंडी बंपर काय करतो ते वेगळं सांगायला नको.

विमा कंपनीला बदल कळवलेला नसेल, तर अपघाताच्या दाव्यात तीच गोष्ट तुमच्यावर उलटू शकते. म्हणून काहीही बसवण्याआधी सोलापूरच्या आरटीओ कचेरीत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा, आलेलं उत्तर जपून ठेवा. एमएच-१३ ची पाटी पुढून स्पष्ट दिसली पाहिजे. फेअरलीडने किंवा हुकाने ती झाकली जाता कामा नये.

पायरी ६: मग विंच बसवायची कुठे

तीन वाटा आहेत.

पहिली, आणि माझी आवडती: मूळ बंपर तसाच ठेवून त्यामागे चॅसीला बोल्टने बसणारी प्लेट. बाहेरून फक्त फेअरलीड आणि हूक दिसतो. वजन कमी, गाडीचं नाक पुढे येत नाही, त्यामुळे चढाला लागताना पुढचा कोनही बिघडत नाही. यालाही बदलच म्हणतात, तेव्हा वरची चौकशी चुकत नाही.

दुसरी: काढता-घालता येणारी पाळण्यासारखी चौकट. चॅसीला पुढे आणि मागे दोन इंची चौकोनी खोबण बसवायची, आणि विंच चौकटीसकट त्यात घालून पिन मारायची. जाड वायरला मोठा प्लग. बाकीचे दिवस विंच घरात, उन्हापासून आणि चोरापासून दूर. मागूनही ओढता येतं हा मोठा फायदा. तोटा असा की हे धूड उचलायला दोन माणसं लागतात आणि तिरकी ओढ खोबणीला पिळते, म्हणून ओढ शक्य तेवढी सरळच ठेवावी लागते. शेतावरच्या बोलेरो किंवा कॅम्परसाठी ही वाट उत्तम.

तिसरी: पूर्ण लोखंडी बंपर. कायद्याचं वर आलंच. तरी खासगी जागेत, स्पर्धेत वगैरे चालणाऱ्या गाडीसाठी कुणी बनवणार असेल, तर पुढचं वाचावं. प्लेटवाल्यांनाही यातलं बरंच लागू आहे.

वजन आधी कागदावर काढा. एक चौरस मीटर पत्रा, एक मिलिमीटर जाडीला ७.८५ किलो भरतो. म्हणजे पाच मिलिमीटरचा चौरस मीटर जवळजवळ ३९ किलो. फॅब्रिकेटर म्हणाला ‘सगळं पाच एमएममध्ये करू साहेब, वाघासारखं होईल’, तर त्याला विचारा एकूण पत्रा किती लागणार. दीड चौरस मीटर लागला की साठ किलो नुसता पत्रा, वर विंच तीस-चाळीस. एवढं वजन पुढच्या चाकांच्याही पुढे लटकतं, त्यामुळे स्प्रिंगवर त्याचा भार प्रत्यक्ष वजनाहून जास्त पडतो. बसवण्याआधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा, बसवल्यावर पुन्हा मोजा. नाक वीस-पंचवीस मिलिमीटरपेक्षा जास्त बसलं तर जास्त ताकदीच्या स्प्रिंगचा खर्च धरा. हेडलाइटचा झोतही पुन्हा लावून घ्या.

जाडी लागते ती ओझं वाहणाऱ्या जागी. विंच ज्यावर बसते ती प्लेट किमान सहा मिलिमीटर, चॅसीला धरणारे कान आठ ते दहा, आणि या दोहोंना जोडणाऱ्या त्रिकोणी पट्ट्या. बाकी नुसत्या झाकायच्या भागाला तीन मिलिमीटर पुष्कळ. विंचच्या पायाच्या चार भोकांचं प्रचलित माप २५४ बाय ११४.३ मिलिमीटर आहे, पण विंच हातात आल्याशिवाय भोकं पाडू देऊ नका. बोल्ट ८.८ शिक्क्याचे. डोक्यावर आकडा नसलेला बोल्ट फाटकाला लावा. चॅसीवर वेल्डिंग करायचं नाही, कंपनीने दिलेल्या भोकांतच बोल्ट करायचे.

सोलापूरचा फायदा इथे आहे. ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्या बनवणारे आणि दुरुस्त करणारे वेल्डर जिल्ह्यात जागोजागी आहेत, आणि जोडाला ओझं येतं म्हणजे काय ते त्यांना शिकवावं लागत नाही. चकचकीत कारच्या दुकानापेक्षा अशा माणसाकडे जा. तो ट्रॉलीची जुवाडी आणि हुकाची प्लेट कशी जोडतो ते बघा. वेल्डिंग दोन्ही बाजूंनी, सलग, कडेला खाच न पडलेली आणि बारीक छिद्रं नसलेली हवी. रंगाआधी बघायचं, रंगानंतर सगळंच छान दिसतं. मग रेड ऑक्साइड आणि रंग, किंवा चिंचोळी एमआयडीसीत पावडर कोटिंग होत असेल तर तेही चालेल.

एक गोष्ट डोंगराळ मुलखातले लोक सहसा सांगत नाहीत: उष्णता. मे महिन्यात आपला पारा चाळिशीच्या वर जातो. विंच आणि बंपर दोघेही बरोबर रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरपुढे येतात. खालच्या जाळीतली हवा अडली की एसी आधी हार मानतो. म्हणून मध्यभाग जाळीसारखा मोकळा ठेवा, विंच जितकी खाली बसेल तितकी बसवा, आणि बसवल्यावर एकदा भर दुपारी पुणे महामार्गावर एसी लावून गाडी पळवा. तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर गेला तर रचना बदला. मोठ्या आडव्या लाइटची पट्टी जाळीपुढे लावायचा मोहही याच कारणासाठी टाळा.

पायरी ७: वायरिंग

इथे पैसे वाचवू नका. पूर्ण ओढीला ९,५०० पौंडांसारखी विंच साडेतीनशे-चारशे अँपिअर घेते. १२ व्होल्टला ४०० अँपिअर म्हणजे ४.८ किलोवॉट, घरातल्या दोन गिझरांहून जास्त. जाणारी-येणारी मिळून चार मीटर वायर धरली, तर ३५ चौरस मिलिमीटर तांब्यात साधारण ०.८ व्होल्ट वाटेत जातात. १६ चौरस मिलिमीटरची वायर लावली तर पावणेदोन व्होल्ट जातात, मोटर रडते आणि वायर तापते.

चांगली वेल्डिंग केबल इथे चालते आणि सहज मिळते. फक्त ती खरोखर तांब्याची आहे ना ते टोक खरवडून बघा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर बाजारात भरपूर आहे. टोकं दाबयंत्राने दाबून घ्या, हातोडीने नाही. पॉझिटिव्ह बाजूला बॅटरीजवळच मोठा कटऑफ स्विच हवा, म्हणजे सोलेनॉइड चिकटला तरी विंच बंद करता येते. अर्थिंग चॅसीच्या गंजलेल्या बोल्टला नको, स्वतंत्र वायर बॅटरीकडे न्या. काही नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर सेन्सर असतो. तिथे कंपनीने दिलेल्या चॅसीबिंदूला जोडावं लागतं, म्हणून मॅन्युअल बघा. वायर पत्र्याच्या कडेवरून जाते तिथे रबराची नळी घाला.

विंच चालवताना इंजिन चालू, गाडी न्यूट्रल. अल्टरनेटर शंभरेक अँपिअर देतो, उरलेलं बॅटरीतून जातं. म्हणून थोडं ओढा, थांबा, मोटरला हात लावा. हात ठेववत नसेल तर चहा प्या. बॅटरी तीन वर्षं जुनी असेल तर विंचच्या आधी ती बदला.

पायरी ८: पैशाची वाटणी

एकूण ठरवलेल्या रकमेतली साधारण निम्मी विंचला. पाचवा हिस्सा प्लेट आणि बसवणुकीला. दहावा हिस्सा वायर-स्विचला. उरलेला पाचवा हिस्सा सामानाला: कप्पी, झाडाला गुंडाळायचा रुंद पट्टा, जोडदोर, दोन शॅकल, चामड्याचे हातमोजे. शॅकलवर सुरक्षित ओझ्याचा आकडा कोरलेला हवा. पाऊण इंची धनुष्याकार शॅकल ४.७५ टनांचा येतो, आपल्याला तो पुरतो. बाजारातला बिनशिक्क्याचा शॅकल फेकण्याच्या लायकीचा, कारण तुटला तर गोळीसारखा सुटतो.

रक्कम कमी पडत असेल तर बंपर पुढच्या वर्षावर ढकला. सामानाला कात्री लावू नका.

जुनी विंच घेताना दोर पूर्ण उलगडून ड्रम बघा, क्लचचा खटका मोकळा फिरतो का बघा, मोटरच्या तळाची प्लेट उघडून गंज बघा. मग उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून विंचने वर ओढायला सांगा आणि मध्येच बटण सोडा. गाडी मागे सरकत असेल तर ब्रेक गेलेला आहे, मग किंमत कितीही असो.

पायरी ९: पहिली ओढ, आणि बांधायचं कुठे

नवीन दोर कारखान्यातून सैल गुंडाळलेला येतो. तसाच ओढला तर वरचा वेढा खालच्या थरात घुसून अडकतो. सपाट रस्त्यावर दोर शेवटचे वेढे सोडून बाहेर काढा, हूक एखाद्या पक्क्या जागी लावा, आणि गाडीत बसलेल्याने हलका ब्रेक धरून गाडी ओढत नेत दोर घट्ट, ओळीने भरा.

आता सोलापुरी अडचण. तीस मीटरच्या आत झाड नाही. बांधावरची बाभूळ किंवा लिंब सापडला तर बुंध्याला जमिनीलगत पट्टा लावा. दोर झाडाला थेट गुंडाळला तर सालही जाते आणि दोरही. महावितरणच्या खांबाला कधीही बांधू नका. द्राक्षबागेचा अँगल, डाळिंबाच्या बागेचं कुंपण, बोअरचा केसिंग पाइप हेही नको. पहिले दोन उपटून येतात, आणि तिसरा वाकला तर शेतकऱ्याचं पाणी जातं.

ट्रॅक्टर असेल तर त्याला ओढायला लावण्यापेक्षा खुंटा करा. बांधावर कडक जागी उभा करा, ब्रेक, चाकांना दगड, आणि तुमची विंच संथ ओढू दे. ट्रॅक्टरचा झटका बसून बंपर आणि ओढबिंदू उखडतात, विंचने सहसा तसं होत नाही.

काहीच नसेल तर स्टेपनी पुरायची. ओढीच्या दिशेला आडवा दोन-अडीच फूट खड्डा, त्यात स्टेपनी उभी, तिच्यातून पट्टा, आणि पट्टा बाहेर येण्यासाठी तिरकी चर. माती परत भरून तुडवा. चिबड जमिनीत स्टेपनीही वर येते, म्हणून बांधाची किंवा मुरमाची जागा शोधा. यासाठीच जोडदोर लांब हवा. पहारी एकामागे एक तिरप्या ठोकून एकमेकींना बांधायची युक्ती कोरड्या जमिनीत कप्पीच्या ओढीला कधीकधी पुरते, पण ओल्या काळ्या रानात पहारी अलगद निसटतात.

ताण येण्याआधी दोराच्या मध्यावर ओलं पोतं टाका. बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट दूर उभं करा. आपल्याकडे गाडी फसली की गाव जमतं आणि पोरं दोर ओलांडायला लागतात, तेव्हा एका माणसाला फक्त गर्दी आवरायचं काम द्या. बटणावर एकच माणूस, आणि खुणा त्याच्याशीच.

घरी आल्यावर विंच साध्या नळाच्या पाण्याने धुवा. वॉशिंग सेंटरचा जोरकस फवारा सीलमधून आत शिरतो. हंगाम संपला तरी महिन्यातून एकदा पाचेक मीटर दोर आत-बाहेर करा, क्लच फिरवा, कंट्रोल बॉक्सचं झाकण उघडून आत मुंग्यांनी घर केलंय का ते बघा.